१,५०० फूट खरे, पण कुठून पुढे?

आषाढातली दुपार, म्हापशात पाऊस असा की समोरच्या घराची कौलं दिसत नव्हती, आणि माझी भाची मागच्या खोलीत सिम्युलेटरसमोर बसून खुशीत होती. "मामा, बघितलंस? एकदम स्मूथ." मी बघितलं होतं. टर्न खरंच स्मूथ होता, स्पीड हलला नाही, बँक, म्हणजे वळतानाचा विमानाचा कल, हलली नाही, आणि तरी त्या काही मिनिटांत तिने तीन चुका केल्या होत्या ज्यातली एक अपघाताला पुरेशी असते. ही त्या काही मिनिटांची गोष्ट. सविस्तर लिहितोय कारण हीच चूक मी क्लासमध्ये दरवर्षी बघतो, आणि करणारी मुलं ढ नसतात, उलट चार्ट (उतरायचा मार्ग आणि उंची दाखवणारे नकाशे) पाठ असलेलीच असतात.

थोडी पार्श्वभूमी. मी डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक खात्याच्या, परीक्षांचे क्लास घेतो, नेव्हिगेशन आणि इन्स्ट्रुमेंट. भाची अमेरिकेत कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग करून आलीय, आता इथल्या लायसनसाठी कन्व्हर्जन चालू आहे. सिम म्हणजे फार काही नाही, साधा पीसी, योक, पेडल, आणि इन्व्हर्टर, कारण पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. विमान छोटं ट्विन इंजिन, कॅटेगरी बी, म्हणजे धावपट्टीच्या उंबरठ्यावरचा स्पीड ९१ ते १२० नॉटच्या मधला.

चार्ट मी स्वतः बनवलेला. दाबोळी किंवा मोपा विमानतळाचा खरा चार्ट नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी हे आकडे घेऊन खऱ्या ठिकाणी वापरायला जाईल. पण मांडणी आपल्या गोव्यासारखी: पश्चिमेला समुद्र, पूर्वेला चढत जाणारी जमीन. फक्त सह्याद्रीचा एक तुकडा उचलून जरा जवळ आणलाय, विमानतळावरच्या व्हीओआरपासून (विमानाला दिशा दाखवणारा रेडिओ बीकन) ईशान्येला साधारण ४ नॉटिकल मैलांवर १,६०० फुटांचा डोंगर. अप्रोच, म्हणजे उतरायला येणं, समुद्राकडून, इनबाउंड (आत येतानाचा) ट्रॅक ०८०, जवळपास पूर्व. आणि उंचीचे आकडे तीन. व्हीओआर ओलांडताना किमान २,६००. प्रोसिजर टर्नमध्ये किमान १,५००. इनबाउंड एस्टॅब्लिश झाल्यावर (त्या रेषेवर नीट आल्यावर) किमान १,०००, आणि मग पुढची फायनल.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: प्रोसिजर टर्न म्हणजे दिशा उलटी करायची ठरवून दिलेली पद्धत. तुम्ही विमानतळावर पोचता पण उतरायचं असतं उलट्या दिशेने, ढगात बाहेर काही दिसत नाही, मग व्हीओआरवरून लांब जायचं, ४५ अंश बाजूला वळायचं, कॅटेगरी ए आणि बीला १ मिनिट, सी आणि त्यावरच्यांना सव्वा मिनिट सरळ जायचं, आणि मग उलट बाजूने १८० अंशाचा टर्न घेऊन परतीच्या ट्रॅकला येऊन मिळायचं. या सगळ्याभोवती आखणाऱ्याने एक क्षेत्र काढलेलं असतं, त्यात जे सगळ्यात उंच असेल, डोंगर, टॉवर, झाड, त्यावर ३०० मीटर म्हणजे ९८४ फूट ठेवून उंची ठरवतो. आमच्या डोंगराचे १,६०० अधिक ९८४ झाले २,५८४, वर गोल केले, २,६००. समुद्रावर अडथळाच नाही म्हणून तिथे १,५०० चालतं. म्हणजे हे दोन आकडे दोन वेगळ्या जमिनींचे आहेत. एक डोंगराचा, एक समुद्राचा. मधली रेघ कुठे, सगळा खेळ तिथे आहे.

तर तिने काय केलं. ती समुद्राकडून आली, हेडिंग जवळपास ०८०, उंची २,६००, स्पीड १६० नॉट. मी वारा ठेवला होता पश्चिमेचा ३० नॉट, पावसाळ्यात आपल्याकडे तीन हजार फुटांवर तेवढा असतोच, कधी जास्तही. व्हीओआर ओलांडला, सुई पलटली, तिने टायमर दाबला, रेडिओवर बोलली, आणि १२ सेकंदांनी डावीकडे टर्न आणि त्याच क्षणी डिसेंट (खाली येणं), ८०० फूट प्रति मिनिट, खाली १,५०० कडे.

का? मी विचारलं तर उत्तर सरळ आलं. "प्रोसिजर टर्नचं मिनिमम १,५०० आहे ना, मी प्रोसिजर टर्न सुरू केला."

इथेच थांबतो जरा, कारण हे उत्तर ऐकायला बरोबर वाटतं. व्हीओआर गेला, आता जे काही करतोय ते प्रोसिजर टर्नच, मग त्याचा आकडा लागू. पण ती कुठे होती बघा. येताना ०८० वर होती, म्हणजे पूर्वेकडे, डोंगराकडे तोंड. तिला जायचं होतं २६० ला, उलट, समुद्राकडे. व्हीओआरवरून गर्रकन मागे वळता येत नाही, विमान म्हणजे काय पणजीतली 'पायलट', म्हणजे भाड्याची मोटरसायकल, नाही. १६० नॉट इंडिकेटेड (घड्याळावर दिसणारे) म्हणजे त्या उंचीवर ट्रू एअरस्पीड (हवेतला खरा वेग) साधारण १६८, सेकंदाला ३ अंशाच्या टर्नने त्रिज्या येते ०.९ मैल. वर पाठीमागून ३० नॉटचा वारा, म्हणजे टर्न सुरू करायच्या आधीच्या त्या १२ सेकंदांतच पाऊण मैलाच्या आसपास पूर्वेला गेली. हिशोब लावला तर सगळ्यात लांब गेली तेव्हा व्हीओआरपासून १.८ मैल पूर्वेला होती आणि उंची साधारण २,१६०. टर्न पूर्ण झाला, २६० वर सरळ झाली, तरी अजून सव्वा मैल पूर्वेलाच, उंची १,८००. आणि मग समोरून वारा लागला, व्हीओआरच्या बरोबरीला यायला अजून अर्धं मिनिट गेलं, आणि तिथे पोचायच्या आधीच ती १,५०० वर लेव्हल झालेली. समुद्राचा आकडा, जमिनीवर. डोंगर १,६०० चा. म्हणजे डोंगरमाथ्यापेक्षा खाली, आणि ढगात.

"पण काही झालं नाही ना," ती म्हणाली.

बरोबर, नाही झालं. डोंगर तिच्यापासून दोन मैलांहून लांब होता. हे वाक्य मला सगळ्यात जास्त भीती घालतं कारण यात खोटं काही नाही, आणि पुढच्या वेळी ती तसंच करणार.

मग मी वाद घातला नाही. म्हटलं परत उडव, मी फक्त तीन गोष्टी बदलतो. वारा ३० चा ४५ केला. रेडिओवर एक जास्तीचा कॉल दिला, तो वाचून परत म्हणेपर्यंत टर्नला १२ ऐवजी २० सेकंद लागले. आणि तिला सांगितलं की विंगवर थोडा बर्फ आहे असं समज, बँक १५ अंशाच्या वर नेऊ नकोस (गोव्यात बर्फ, हो, माहितीय, सिममध्ये सगळं चालतं). डिसेंट तोच, टर्नबरोबर. आता त्रिज्या दीड मैल झाली, टर्न सेकंदाला पावणेदोन अंशाने चाललाय, वारा ढकलतोय. सगळ्यात पूर्वेला गेली तेव्हा ३.४ मैल, आणि डावीकडे टर्न घेतल्यामुळे उत्तरेलाही जवळजवळ २ मैल सरकलेली. म्हणजे व्हीओआरपासून ईशान्येला साधारण ४ मैल. उंची १,८००. खाली बरोबर माझा डोंगर, १,६००. मध्ये २०० फूट.

ती गप्प झाली. मी मग तिचं अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं घड्याळ, दाखवलं. त्या दिवशीचा क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशोबाने तिथला हवेचा दाब, तो अल्टिमीटरला लावायचा) मी १००५ ठेवला होता आणि ती वरून, उंचावर वापरायच्या ठरलेल्या १०१३ वर आली होती, बदलायचं राहून गेलं. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २७ ते ३० फूट, ८ चा फरक, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे फूट, आणि ते चुकीच्या बाजूचे: सेटिंग जास्त असेल तर घड्याळ जास्त दाखवतं, विमान खाली असतं. आषाढात आपल्याकडे प्रेशर खालीच असतं. ते २०० फूट तिथेच संपले.

आता तिची बाजू. ती मूर्ख नाही, तिला असंच शिकवलंय असंही नाही, पण ती ज्या पद्धतीत शिकली तिथे समुद्राकडून येऊन व्हीओआरवर उलटं वळणं हे चालतं. अमेरिकन पद्धतीत प्रोसिजर टर्न कुठल्या प्रकारचा घ्यायचा, किती रेटने वळायचं, हे बरंचसं पायलटवर सोडलेलं आहे, फक्त दाखवलेल्या बाजूला राहा, दिलेल्या अंतरात राहा, बहुतेक वेळा १० मैल, आणि स्पीड २०० नॉटच्या आत ठेवा. त्यांचे आखणारे उलट दिशेने येणाऱ्या विमानाचं हे वळण धरूनच क्षेत्र काढतात, त्याला एंट्री झोन म्हणतात. आणि जिथे त्या झोनमध्ये डोंगर असतो तिथे ते वेगळी, जास्त उंची देतात, की आउटबाउंड (बाहेरच्या दिशेने) होऊन फिक्सच्या (ठरलेल्या बिंदूच्या, इथे व्हीओआरच्या) पुढे जाईपर्यंत एवढ्याच्या खाली येऊ नका. म्हणजे त्यांच्या नियमानेही ती चुकलीच होती. २,६०० चा आकडा "ओलांडताना" म्हणून लिहिलाय आणि तिने तो ओलांडायच्या क्षणापुरता वाचला. मला विचाराल तर हा दोष थोडा चार्टच्या भाषेचाही आहे, एका बिंदूला लावलेला आकडा माणूस बिंदूपुरताच वाचणार.

आपल्याकडे डीजीसीए चालतं आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) पद्धतीने, आणि तिथे गोष्ट अजून कडक आहे. प्रोसिजर टर्नमध्ये सरळ शिरायचं असेल तर आउटबाउंड ट्रॅकच्या ३० अंश इकडे किंवा तिकडे, एवढ्याच पट्ट्यातून यायला पाहिजे. आमच्या चार्टवर आउटबाउंड २६०, म्हणजे २३० ते २९० च्या मधल्या ट्रॅकवर असाल तर सरळ पुढे जा. बेळगावकडून येणारं विमान साधारण असं बसतं. समुद्राकडून ०८० वर येणारं बसतच नाही. त्याने आधी व्हीओआरवरच्या होल्डमध्ये (ठरवून दिलेल्या लांबट चकरेत) शिरायचं, होल्डच्या किमान उंचीवर, एक चक्कर मारून २६० वर तोंड करून परत व्हीओआरवर यायचं, आणि मग ओलांडल्यावर खाली. जी वळायची गडबड ती होल्डच्या क्षेत्रात होते, आणि ते क्षेत्र २,६०० साठी तपासलेलं असतं. तिने जे वळण घेतलं ते आयसीएओच्या चार्टवर कोणी आखलेलंच नव्हतं. खाली डोंगर आहे की नाही हा प्रश्नही कोणी तपासलेला नाही, कारण तिथे तुम्ही असायलाच नको होतात.

आणि स्पीड. तिने १६० ठेवला, तिच्या डोक्यात २०० ची मर्यादा. आयसीएओत कॅटेगरी बीला सुरुवातीच्या अप्रोचमध्ये १८० पर्यंत चालतं पण दिशा उलटवताना, म्हणजे प्रोसिजर टर्न किंवा रेसट्रॅकमध्ये (हाही उलटं वळायचा लांबट गोल मार्ग), १४० च कमाल. ए ला ११०. हा आकडा तक्त्यात तळटिपेत असतो आणि मुलं तळटीप वाचत नाहीत. १४० ने त्रिज्या ०.९ ऐवजी ०.८ च्या खाली येते. फरक छोटा दिसतो, पण क्षेत्र आखताना १४० धरलेत, म्हणून १६० ने उडालात तर त्या क्षेत्राची हमी तुम्ही स्वतःच सोडली.

याच कारणाने कधीकधी उंचीला वरची मर्यादाही असते, आणि मुलांना ते विचित्र वाटतं की बाबा उंच असणं धोक्याचं कसं. पण जेवढं उंच तेवढा ट्रू एअरस्पीड जास्त, साधारण हजार फुटांना २ टक्के, आणि त्रिज्या वाढली की विमान क्षेत्राबाहेर. अमेरिकेत म्हणूनच प्रोसिजर टर्नच्या क्षेत्राचे आकार उंचीप्रमाणे बदलतात, ६,००० फुटांपर्यंत एक, ६,००० ते १०,००० दुसरा, त्याच्या वर तिसरा. कधी वरचं ट्रॅफिक हेही कारण असतं. चार्टवर आकड्याखाली रेघ असेल तर त्याच्या खाली नाही, वर रेघ असेल तर त्याच्या वर नाही, दोन्हीकडे असेल तर बरोबर तेवढंच. मी एकदा परीक्षेत या तीन रेघांवर प्रश्न टाकला होता, अर्ध्या वर्गाने वरची रेघ प्रिंटिंगची चूक समजली.

तिसरी चूक परतीची. टर्न संपत आला, सुई हलायला लागली, आणि सुई हलली तशी तिने १,५०० सोडले, १,००० कडे. आयसीएओची व्याख्या इथे अगदी स्पष्ट आहे: व्हीओआर किंवा आयएलएसवर (धावपट्टीची रेषा दाखवणारी रेडिओ यंत्रणा) सुई पूर्ण स्केलच्या निम्म्याच्या आत आली की एस्टॅब्लिश, एनडीबीवर (साध्या रेडिओ बीकनवर) ५ अंशांच्या आत. व्हीओआरचं पूर्ण स्केल १० अंश, म्हणजे इथेही ५ च. तिची सुई तेव्हा ८ अंशांवर होती. समुद्रावर याने काही बिघडलं नसतं, म्हणून यावर मी तिला फार बोललो नाही. पण सवय तीच आहे ना, नवा आकडा दिसला की आधी खाली, अट नंतर.

ही सवय किती महाग पडते याचं जुनं उदाहरण मी दरवेळी सांगतो. १ डिसेंबर १९७४, टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं बोईंग ७२७, फ्लाइट ५१४, वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे. तिथे प्रोसिजर टर्न नव्हता, पण मुद्दा हाच. अप्रोचसाठी क्लिअरन्स मिळाला, चार्टवर १,८०० दिसत होते, ते राउंड हिल नावाच्या फिक्सच्या पुढचे होते, आणि विमान अजून त्या फिक्सपर्यंत पोचलंच नव्हतं. कॉकपिटमध्ये त्या फिक्सच्या आधीचा ३,४०० चा आकडा कोणाच्या लक्षात आला नव्हता असंही नाही, त्यावर बोलणं झालं होतं, आणि तरी शेवटी असं ठरलं की क्लिअरन्स दिलाय म्हणजे खाली जायला हरकत नसणार. माउंट वेदरच्या डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. कंट्रोलरने उंची सांगायला हवी होती की पायलटने विचारायला हवी होती यावर तपास करणाऱ्यांतही एकमत झालं नाही. नंतर नियम स्पष्ट झाला की चार्टवर छापलेल्या भागावर येईपर्यंत शेवटची दिलेली उंची सोडायची नाही. भाचीने हे प्रकरण अमेरिकेत शिकलेलं होतं. तारखेसकट.

मग इतकं माहिती असून होतं कसं? माझं मत असं की रोजच्या उडण्यात प्रोसिजर टर्न येतच नाही. रडारवाला हेडिंग देत देत आयएलएसवर आणून सोडतो, उंची तोच सांगतो, पायलटला कुठल्या जमिनीवर आहे याचा विचार करायची वेळच येत नाही. ट्रेनिंगमध्ये दोन-चारदा केलेला, परीक्षेत एकदा, मग थेट रडार बंद असेल त्या रात्री. आणि तेव्हा लक्षात आकडे राहतात, अटी राहत नाहीत, कारण पाठ आकडेच केलेले असतात.

तिसऱ्यांदा उडवायला बसलो तर लाईट गेली. इन्व्हर्टरवर सिम चाललं, पंखा बंद, खिडकी उघडली तर पाऊस आत. ताईने चहा आणि कापं ठेवली आणि "अजून ते विमान उतरलं नाही?" म्हणून गेली. यावेळी भाचीने व्हीओआरच्या आधीच १४० केलं, क्यूएनएच १००५ मोठ्याने वाचून लावला, २,६०० वर होल्डमध्ये शिरली. होल्ड वाईट झाला खरं सांगायचं तर, वाऱ्याने आउटबाउंड लेग कुठच्या कुठे गेला, परत येताना ट्रॅक ओलांडून पलीकडे गेली आणि मला ते बघवत नव्हतं. पण उंची २,६०० च्या खाली ५० फूटही आली नाही. २६० वर व्हीओआर ओलांडला, सुई पलटली, तिने पाच सेकंद वाट बघितली, मग डिसेंट. परतीला १,५०० वर बसून राहिली, सुई ५ अंशांच्या आत आल्यावर सोडले.

"उशीर झाला मामा," ती म्हणाली, "अडीच-तीन मिनिटं जास्त लागली. खऱ्या एटीसीला चालेल?"

म्हटलं विचार त्यांना, होल्ड करतेय म्हणून सांग, नाही म्हणणार नाहीत. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही, अमेरिकेत तिने म्हणे असं कधी सांगितलंच नव्हतं. पण मग कापाचं तेल बोटांना लागलेलं असताना तिने चार्ट ओढला आणि पेन्सिलने १,५०० च्या शेजारी लिहिलं: २६० वर, व्हीओआर मागे पडल्यावर. १,००० च्या शेजारी: सुई निम्म्यात. २,६०० च्या शेजारी काही लिहिलं नाही, नुसता डोंगर काढला.